तोरानचं कडं

भांडणाच्या बाबतीत मी अनुभवी बाई आहे. गंगाखेड-पालम मार्गावर एसटीची कंडक्टर आहे मी, त्यामुळे रोजचं एखादं तरी भांडण ठरलेलंच. कधी खिडकीच्या जागेवरून, कधी कोंबडीच्या तिकिटावरून, कधी हात दाखवूनही गाडी थांबली नाही यावरून. माझं मत विचाराल तर भांडणारा माणूस बरा. पोटात काय आहे ते तो तोंडावर सांगून मोकळा होतो. उगीच गोड हसून "ताई, दमल्या असाल, बसा की जरा" म्हणणारा पॅसेंजरच बहुतेक वेळा बिनतिकिटाचा निघतो.

म्हणूनच आमच्या घरात 'सातवा तारा' लागायची तेव्हा माझं डोकं फिरायचं.

ही परदेशातली मालिका, मराठीत डब केलेली. अंतराळात एक जहाज आहे. त्याचा कप्तान तोरान आणि ते जहाज चालवणारी इलिना हे नवरा-बायको. रोज जेवायच्या वेळेला पालमच्या शिवेवरच्या आमच्या पत्र्याच्या घरात ते दोघं हजर व्हायचे. बाहेर मेंढरं बसलेली, आणि आत माझे आईबाप त्या दोघांच्या संसारात जीव गुंतवून बसलेले. माझे वडील येडबा, त्यांना आम्ही बापू म्हणतो, ते तोरानला 'तोरण' म्हणायचे. आईने, म्हणजे कासाबाईने, इलिनाची 'इळीनाबाई' करून टाकलेली. आमच्याकडे विळ्याला इळा म्हणतात, त्यामुळे ते नाव तिच्या तोंडात लगेच बसलं.

तर या तोरानच्या मनगटात एक कडं आहे. ते उलटं फिरवलं की काळ तासभर मागे जातो. आधी काय घडलं होतं ते फक्त त्याच्या लक्षात राहतं, बाकी कुणाच्याच नाही. आणि हा गडी ते कडं वापरतो कशासाठी? शत्रूसाठी नाही, संकटासाठी नाही. बायकोशी भांडण झालं की कडं फिरवतो. मागे जातो, ज्या शब्दावरून ठिणगी पडली तो शब्द गिळतो, त्या जागी एक गोड शब्द ठेवतो, आणि भांडण झालंच नाही! इलिना बिचारी मैत्रिणींना सांगते, आमच्यात एकदाही वाद झाला नाही.

"असं कडं तुमच्या हातात पाहिजे व्हतं," आई बापूंना म्हणायची.

"माह्या हातात असतं तर तुला पाहायला आलो व्हतो तवाच फिरवलं असतं," बापू म्हणायचे, आणि दोघांची जुंपायची.

भांडता भांडता आई त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकर टाकायची आणि बापू तिच्याकडे ठेच्याची वाटी सरकवायचे. त्या दोघांत कुणी हरलेलं मी कधी पाहिलं नाही, कारण भांडण कधी संपलंच नाही. बोकड कुणाला विकायचा यावरून पेटलेलं अजून चालू आहे, आणि तो बोकड लोकांनी कधीच खाऊन पचवला.

माझं लग्न जमत आलं ते याच दिवसांत. भुजंगमामाने स्थळ आणलं येलदरीचं, तिकडे जिंतूरपलीकडच्या धरणावरचं. मुलगा रामकिशन, मोटार वाइंडिंगचं दुकान. जळालेली मोटार उघडायची, आतली तार काढून टाकायची, नवी तार गुंडाळायची आणि पुन्हा विहिरीवर पाठवायची, हे त्याचं काम. घरी तो आणि आई कडूबाई, एवढी दोनच माणसं. पाहायला आला तेव्हा बाकीच्यांनी स्वयंपाक येतो का, शिक्षण किती, असलं नेहमीचं विचारलं. याने विचारलं, "तुमच्या गाडीत सगळ्यात लय भांडणं कोणत्या स्टॉपला व्हतेत?" मला तो तिथल्या तिथे आवडला. लाजूनबिजून नाही, सरळ आवडला.

फोन सुरू झाले. मालिका संपली की त्याचा फोन यायचा, कारण तोही 'सातवा तारा' बघायचा. तो मला 'तू' म्हणायचा, मी त्याला 'तुमी'. रीतच ती. मालिकेतही तसंच होतं, तोरान 'तू' म्हणायचा आणि इलिना 'तुम्ही'. एकदा मी विचारलं, "त्यांच्या भाषेत बी बायको नवऱ्याला अहो-जाहो करती का हो?"

तो हसला. "इंग्रजीत सगळ्यांला एकच शब्द हाय. तू-तुमी डबिंगवाल्यांनी वाटून दिलंय."

"आन् वाटणीत तिच्या वाट्याला काय आलं ते बघा," मी म्हणाले.

आणखी एक गोष्ट मी सुरुवातीलाच विचारून घेतली होती. खाकी ड्रेस घालून दिवसभर गाडीत उभी राहणारी सून त्याच्या आईला चालेल का? "आईचं काहीच म्हणणं न्हाई," तो म्हणाला होता. "उलट लय खूश हाय." मी निश्चिंत झाले. ही नोकरी मला कुणी ताटात वाढून दिलेली नाही. मेंढरांमागे फिरत अभ्यास केला, परीक्षा दिली, आणि पहिल्यांदा बेल मारली तेव्हा एवढी मोठी गाडी माझ्या बोटाच्या इशाऱ्यावर हलली. तो आनंद मी कुणासाठीही सोडणार नव्हते. आणि खरं सांगायचं तर आता रामकिशनलाही सोडायचं नव्हतं.

असे चार महिने गेले आणि सुपारी फोडायचा दिवस ठरला. आमच्यात सुपारी फुटली की लग्न पक्कं. मग मागे फिरणं नाही.

त्याच आठवड्यात मालिकेचा तो भाग लागला. इलिनाला एका लांबच्या चंद्रावर मोठ्या ठाण्याची प्रमुख म्हणून बोलावणं येतं. ती खूश होऊन तोरानला सांगते, तो नको म्हणतो, आणि असं भांडण पेटतं की इलिना बरोबर जिंकत आलेली असते. मग तो काय करतो? कडं फिरवतो. मागे जाऊन ते बोलावणं तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच गायब करतो आणि तिला म्हणतो, "ती जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली म्हणे. वाईट वाटून घेऊ नकोस." ती बिचारी उसासा टाकून त्याच्या खांद्यावर डोकं ठेवते. मागे गोड संगीत. बापूंनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

"रडायला काय झालं?" मी ओरडले. "चोर हाय तो!"

"अगं, जीव लावतोय तिला," बापू म्हणाले.

फोन आला तेव्हा मी तापलेलीच होते. रामकिशनला सगळं बोलले. तो शांतपणे म्हणाला, "हे बघ बबिता. तिला तरास नको म्हणून भांडण तो एकटाच डोक्यात घेऊन फिरायलाय. ह्याच्यापेक्षा जास्तीचं पिरेम कोणतं?"

"आन् ती? एकदा तरी जिंकली का? तिची जिंकायची पाळी आली की ह्याचं कडं फिरतंय. आपण भांडलो व्हतो हेच तिला मालूम न्हाई. असला कुठं बरोबरीचा संसार असतो का?"

"मग रोज भांडत बसायचं का?"

"व्हय. बसायचं."

"मोटार जळाली की जुनी तार काढून फेकावीच लागती," तो म्हणाला. "नवी गुंडाळली की चालू."

"गिऱ्हाइकाला सांगून गुंडाळता का न सांगता?"

मग तो म्हणाला, उद्या दुकान लवकर उघडायचंय, आणि फोन ठेवला. मला वाटलं, दमला असेल.

दोन-तीन दिवसांनी गंगाखेडच्या स्टँडवर माझ्या गाडीत कडूबाई चढल्या. त्यांची बहीण गंगाखेडला असते, तिच्याबरोबर वाटेतल्या एका गावात बारशाला निघाल्या होत्या. होणारी सून कंडक्टर म्हणून समोर उभी राहिलेली पाहून त्यांना काय आनंद! बहिणीला कोपर मारून दाखवलं. मी तिकीट काढायला वाकले तर माझ्या मशीनकडे बघून म्हणाल्या, "कर बाई, टिकटिक कर. आता थोड्या दिवसाची हाय."

"थोड्या दिवसाची कशी, आत्या?"

"अगं, लगीन झालं की नोकरी सोडणार हायस ना तू? तूच म्हणलीस म्हणं. राम म्हणला मला."

ड्युटीवर मी कुणाची सून नसते. मी त्यांच्या हातात तिकीट दिलं, पुढच्या सीटवर गेले, त्यांचा फाटा आला तेव्हा बेल मारून गाडी थांबवली, हात धरून खाली उतरवलं आणि पुन्हा दोनदा बेल मारली. पालम येईपर्यंत माझं सगळं काम बिनचूक झालं. पालमला गाडी रिकामी झाल्यावर मागच्या सीटवर बसून मात्र मी रडले. राग तर आलाच होता, पण जास्त दुखलं ते दुसरंच. तूच म्हणलीस म्हणं! माझं बोलणं त्यानेच बोलून टाकलं होतं. आईला एक सांगितलं, मला दुसरं. माझं आणि तिचं होणारं भांडण होण्याआधीच गायब. आणि आम्ही दोघी बायका त्याला देवमाणूस समजून बसलो होतो.

घरी सांगितलं. आई एकदम म्हणाली, "मोड मग. सुपारी फुटली न्हाई अजून."

बापूंनी बंद टीव्हीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तोरण तसला निघला का?" त्यांचा चेहरा इतका पडला होता की मला हसू आलं. रडून झाल्यावरचं हसू.

"फोन लाव आन् चांगलं झाड त्याला," आई म्हणाली.

पण फोन मी लावला नाही. लावला असता तर तो गोड बोलला असता, आईला वेगळं काही तरी सांगून मोकळा झाला असता, आणि पुन्हा सगळं गुळगुळीत. हे भांडण जिथे व्हायला पाहिजे तिथेच, सगळ्यांदेखत व्हायला पाहिजे होतं. त्यात लग्न मोडलं तर मोडलं. नोकरी मी सोडणार नव्हते हे नक्की होतं. तो सुटतो का राहतो, एवढंच बघायचं होतं. त्याची भीती मात्र वाटत होती, ते लपवत नाही.

रविवारी सकाळी दोन्हीकडची माणसं जमली. दारात जाजम अंथरलं. पुरुष गोल करून बसले, बायका उंबऱ्याजवळ. मधे पाटावर हळदीकुंकू लावलेली सुपारी, आणि भुजंगमामाच्या हातात बत्ता. रीतीप्रमाणे मुलीने आत बसायचं असतं. बोलावलं की यायचं, पाया पडायचं, साडी घ्यायची. तिचं तिथे बोलायचं काम नसतं. मामाने बत्ता उचलला तशी मी बाहेर आले.

"मामा, थांबा. आधी एक भांडण राहिलंय, ते करून घिऊ."

सगळे हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय. रामकिशन मात्र हसला नाही. त्याच्या कानापर्यंत लाल रंग चढला, आणि मला कळलं की याला सगळं कळलंय.

"आत्या," मी कडूबाईंना म्हणाले, "लगीन झाल्यावर मी नोकरी सोडणार न्हाई. सोडते असं मी कवाच म्हणले न्हाई. तुमाला माही नोकरी चालत नसंल तर आत्ता सांगा. मला 'लय खूश हायत' असं सांगितलं गेलंय."

कडूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"मी न्हाई म्हणले व्हते का रे?" त्यांचा आवाज चढला. "मी एकच इचारलं व्हतं. मुक्कामाच्या गाडीला गेली तर पोरगी रातच्याला निजंल कुठं? एवढंच. तर तू म्हणलास, फिकीर करू नको, ती सोडणारच हाय."

"आत्या, माही गाडी दिवस मावळायच्या आत डेपोला लागती. मला मुक्कामाची गाडी न्हाई."

"न्हाई?"

"न्हाई."

"मग झालं की!" त्या म्हणाल्या. चार महिने ज्यावर पांघरूण घातलं होतं ते भांडण एवढंच होतं. पण कडूबाई एवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या, आणि तिथेच त्या मला आवडल्या. पुढे सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "पण येलदरीहून गंगाखेडला रोज येणार कशी गं? ते बी सांग."

"जिंतूरला बदली मागते. मिळंपतूर मी हितं ऱ्हाईन, सुट्टीला तिकडं यीन."

"हे कुठलं लगीन? नवरा धरणावर आन् बायको पालमला?"

"बापू मेंढरं घिऊन दिवाळीचे निघतेत ते पावसाळ्याच्या तोंडाला येतेत. आई हितं ऱ्हाती. तुमचे मालक बी तसेच रानोरान फिरले आसतील. त्यानं कुणाचं लगीन मोडलं, आत्या?"

कडूबाई पदराने तोंड झाकून हसायला लागल्या. "कासाबाई," त्या माझ्या आईला म्हणाल्या, "पोरगी लय पक्की हाय गं भांडायला."

"घरचंच हाय ते," बापू म्हणाले. आईने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

भुजंगमामाला वाटलं, मिटलं. त्याने पुन्हा बत्ता उचलला. "चला, लय येळ झाला."

पण माझं मिटलं नव्हतं. सासूशी भांडण झालं आणि चांगलं झालं. खरं राहिलं होतं ते नवऱ्याशी. नोकरीचा निकाल लागला, पण उद्या दुसरं काही निघेल, परवा तिसरं, आणि दर वेळी हा माझ्या मागे जाऊन माझं बोलणं पुसून येणार असेल तर मी त्या घरात आहे की नाही हेच मला कळणार नाही. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"रामकिशन," मी म्हणाले, "तुह्या हातात ते कडं असतं, तर तू आत्ता फिरवलं असतंस का?"

"अगं बाई! नवऱ्याला 'तू' म्हणली!" उंबऱ्याजवळून कुणी तरी म्हणालं. बायकांत कुजबुज झाली. कडं कसलं, हेही अर्ध्या लोकांना कळलं नाही. बापूंना कळलं.

रामकिशन जाजमाकडे बघत होता. भुजंगमामा त्याला डोळ्यांनी खुणावत होता, 'न्हाई' म्हण, म्हणून टाक एकदाचं. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. आणि मी मनात म्हणत होते, 'न्हाई' म्हणू नकोस. म्हणालास तर मी आत जाईन, आणि ही सुपारी अशीच अखंड राहील. अर्धं गाव बघतंय, स्वतःची आई सगळ्यांदेखत झाडतेय, बायको होणारी मुलगी नाव घेऊन 'तू' म्हणतेय, अशा वेळी कडं फिरवायचं कुणाला वाटणार नाही? मलासुद्धा वाटलं असतं.

त्याने मान वर केली.

"व्हय," तो म्हणाला. "कवाच फिरवलं असतं. तू बाहिर यायच्या आधीच. लय लाज वाटायलीय मला."

भुजंगमामाने हळूच बत्ता खाली ठेवला. त्याच्या हिशेबाने सोयरीक संपली होती. आई उठून माझ्याजवळ आली आणि तिने माझं कोपर धरलं.

पण चार महिन्यांत स्वतःबद्दल, माझं मन राखण्यासाठी नव्हे तर खरं म्हणून बोललेलं त्याचं ते पहिलंच वाक्य होतं. आता या माणसाशी जन्मभर भांडता येईल, असं मला वाटलं.

"मामा," मी म्हणाले, "फोडा सुपारी."

मामाने माझ्याकडे पाहिलं, मग रामकिशनकडे. "इचार कर, पोरी. एकदा फुटली की परत जुळत न्हाई ती."

"म्हणूनच म्हणते," मी म्हणाले. "फोडा."